दाण्याची ओली चटणी : झटपट, पण पारखून

मराठी स्वयंपाकघरात शेंगदाण्याचा डबा नाही, असे घर विरळाच. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत, आमटीत आणि लाडवातही दाण्याचे कूट पडते. ऐनवेळी पाहुणे आले, उपवासाचे वडे तळून झाले आणि तोंडीलावणे काहीच नाही असे लक्षात आले, की हाच डबा उपयोगी पडतो. भाजलेला दाणा, हिरवी मिरची, मीठ, थोडे दही आणि पाणी यांपासून पंधरा मिनिटांत दाण्याची ओली चटणी तयार होते. वडा, थालीपीठ, धिरडे किंवा भाकरी तीत बुडवून खाता येते.

पदार्थ सोपा असला तरी त्याचे यश एका गोष्टीवर अवलंबून असते आणि ती म्हणजे पाणी. साठवणीच्या दाण्यात पाणी शिरले तर दाणा बिघडतो. वाटताना पाणी कमीजास्त झाले तर चटणी बिघडते. तयार चटणीतल्या पाण्यामुळे ती फार काळ टिकत नाही. मावळात या तिन्ही बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात भिंतींना ओल येते, मीठ पाझरते, पापड सादळतात. मग डब्यातला दाणा तरी त्यातून कसा सुटणार?

परदेशी दाणा, घरचा पदार्थ

भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. युरोपीय दर्यावर्दींच्या मार्फत ते आफ्रिकेत आणि आशियात पसरले. याचे फूल जमिनीच्या वर उमलते. परागीभवनानंतर त्यातून निघालेली आरी जमिनीत शिरते आणि शेंग मातीखाली पोसते. ‘भुईमूग’ हे नाव त्यावरूनच पडले. गंमत अशी, की उपवासाच्या पानातील शेंगदाणा, बटाटा, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. तरीही आज एकादशीचा फराळ त्यांच्यावाचून पुरा होत नाही. मावळाच्या वेशीवर इंद्रायणीकाठी देहू आहे आणि वारीची परंपरा या पट्ट्यातील घराघरांत रुजलेली आहे. त्यामुळे एकादशीला साबुदाण्याचे वडे आणि सोबत दाण्याची चटणी हा बेत येथे नवा नाही.

मावळ हा मुख्यतः भाताचा मुलूख. ‘इंद्रायणी’ हे सुवासिक भाताचे प्रसिद्ध वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातच विकसित झाले. शेंगदाणा मात्र येथे बहुतांशी बाजारातून येतो. पुण्याच्या मार्केट यार्डात तो जाडा, स्पॅनिश, घुंगरू अशा नावांनी विकला जातो. चटणीसाठी लहान, गोलसर आणि तेलाचे प्रमाण चांगले असलेला दाणा पसंत केला जातो; मोठा दाणा खारे दाणे करण्यास अधिक शोभतो.

दाण्याची अशी पातळ चटणी ही केवळ मराठी घरांची मिरासदारी नाही. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात इडली-डोशाबरोबर पल्ली चटणी वाढतात. इंडोनेशियात निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या सळ्यांबरोबर, म्हणजे सातेबरोबर, शेंगदाण्याचे तिखटगोड कालवण असते; तेथील गादो-गादो या उकडलेल्या भाज्यांच्या पदार्थावरही तेच ओततात. पश्चिम आफ्रिकेत वाटलेल्या दाण्याचे दाट रस्से होतात. आंबटपणासाठी कोठे चिंच, कोठे लिंबू, तर कोठे टोमॅटो असतो. आपल्याकडे त्या जागी दही येते.

दाणा पारखावा कसा

चटणीची खरी सुरुवात दाणा निवडण्यापासून होते. ताटात दाणे पसरून उजेडात पाहावेत. सुरकुतलेले, काळे पडलेले, किडके, फुटलेले आणि हिरवट-पिवळसर बुरशी आलेले दाणे वेचून टाकावेत. एखादा दाणा चावून पाहावा. कडू किंवा खवट लागल्यास इतर दाणेही तपासावेत. आणखी दोन-चार तसेच निघाले, किंवा डबा उघडताच कुबट वास आला, तर सबंध साठाच टाकून देणे शहाणपणाचे.

हा सल्ला केवळ चवीसाठी नाही. ओलसर दाण्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत हे विष होते, असे पुढे निष्पन्न झाले आणि या विषाचा शोध लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत केली आहे. त्याचा मुख्य आघात यकृतावर होतो. पुढील प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यात त्याचे प्रमाण किलोमागे १५ मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, अशी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘भाजले की सगळे मरते’ असे अनेकांना वाटते. भाजल्याने बुरशी मरते, परंतु तिने आधीच तयार केलेले विष घरगुती आचेवर पूर्णपणे नाहीसे होत नाही. धुऊन किंवा बुरशी पुसून काढूनही दाणा निर्धोक होत नाही. शिवाय चटणीत मिरची, आले आणि दही असल्याने कडवट चव झाकली जाते. म्हणून पारख वाटण्यापूर्वी करावी. वाटल्यानंतर ती करता येत नाही.

साठवणीचा नियमही त्यातूनच निघतो. दाण्यातील ओलावा सुमारे ७ टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीला वाव मिळत नाही. पावसाळ्यापूर्वी दाण्यांना कडक ऊन द्यावे, पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे. ओला हात किंवा ओला चमचा डब्यात घालू नये. ऐन पावसात महिन्याभराचा साठा करण्यापेक्षा पाव-अर्धा किलो दाणे आणून संपवणे केव्हाही चांगले.

साहित्य

चार माणसांसाठी : शेंगदाणे एक वाटी (सुमारे १०० ग्रॅम), हिरव्या मिरच्या ३ ते ४, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, जिरे अर्धा चमचा, फार आंबट नसलेले दही अर्धी वाटी, साखर अर्धा चमचा, मीठ चवीनुसार, पाणी सुमारे अर्धी वाटी. फोडणीसाठी एक चमचा साजूक तूप आणि थोडे जिरे.

कृती

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दाणे ८ ते १० मिनिटे भाजावेत. हात चालता ठेवावा. तडतडणे कमी झाले, खमंग वास सुटला आणि चोळताच साल सुटू लागली, की दाणा भाजला असे समजावे. आतला रंग फिकट बदामी असावा. मोठ्या आचेवर वरून डाग पडतात आणि आत दाणा कच्चाच राहतो. भाजलेले दाणे लगेच ताटात पसरावेत. तापलेल्या कढईत ठेवल्यास ते जळकट होतात.

निवल्यावर हाताने चोळून साली पाखडून टाकाव्यात. सालींमुळे चटणीला तुरटपणा आणि मळकट रंग येतो. मग मिक्सरमध्ये मिरची, आले, जिरे आणि मीठ आधी बारीक करावे. त्यात दाणे घालून थांबतथांबत फिरवावे. रवाळ कूट झाले की पाणी दोन-तीन वेळा थोडेथोडे घालून वाटावे. शेवटी दही आणि साखर घालून एकदाच फिरवावे किंवा चमच्याने ढवळावे. तुपात जिरे तडतडवून ती फोडणी वरून द्यावी.

घरात ताजे कूट तयार असेल तर काम आणखी सोपे होते. वाटीभर कुटात ठेचलेली मिरची, मीठ, साखर आणि घुसळलेले दही कालवून पाणी घातले, की पाच मिनिटांत चटणी होते. ती थोडी भरड राहते, पण वड्याबरोबर अनेकांना तशीच आवडते.

असे का करायचे

दाण्यात जवळपास निम्मे तेल आणि चौथा हिस्सा प्रथिने असतात. गरम दाणा कोरडाच बराच वेळ फिरवला तर तेल सुटते आणि भांड्याच्या तळाशी चिकट गोळा बसतो. म्हणून दाणा निवलेला हवा आणि मिक्सर थांबतथांबत चालवायला हवा. पाणी हळूहळू घातल्यास प्रथिने तेल आणि पाणी यांना धरून ठेवतात आणि चटणी मलईसारखी एकजीव होते. सारे पाणी एकदम ओतले तर दाण्याचे कण खाली बसतात व पाणी वर तरंगते.

वाटून झाल्यावर दाण्याचे कण पाणी शोषत राहतात. त्यामुळे आत्ता बेताची वाटणारी चटणी दहा-पंधरा मिनिटांत दाट होते. वाढण्यापूर्वी दोन चमचे पाणी घालून ती सारखी करावी. दही घातल्यानंतर मात्र चटणी गरम करू नये; दही फुटते.

घरोघरचे प्रकार

उपवासाच्या चटणीत मोहरी, हिंग आणि हळद घालत नाहीत. कोथिंबीर काही घरांत चालते, काही घरांत चालत नाही. नेहमीच्या दिवशी तेलाची मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी उत्तम लागते. भाकरीबरोबर खायची असेल तर हिरव्या मिरचीऐवजी लाल मिरची, चार लसूण पाकळ्या आणि दह्याच्या जागी चिंचेचा कोळ घ्यावा. दही वर्ज्य असणाऱ्यांनी लिंबाचा रस वापरावा. सोलापूरकडील कुटलेली लसणाची शेंगाचटणी हाताशी असेल, तर ती दह्यात कालवूनही झणझणीत तोंडीलावणे होते.

चिक्की टिकते, चटणी का नाही

लोणावळा आणि शेंगदाणा म्हटले की आधी चिक्कीच आठवते. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे धावू लागली. त्या काळी रेल्वेच्या कामावरील मजुरांना गूळ-दाण्याची गुडदाणी विकली जाई आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असे येथे सांगितले जाते. दाणा तोच, पाऊसही तोच. मग चिक्की प्रवासाला पुरते आणि चटणी दुसऱ्या दिवशी आंबते, असे का? चिक्कीसाठी पाक इतका कडक करतात, की त्याचा थेंब पाण्यात टाकल्यावर काचेसारखा मोडतो. त्यात पाणी जवळजवळ उरत नाही आणि पाण्यावाचून जिवाणूंना वाढता येत नाही. ओल्या चटणीत पाणी, प्रथिने आणि दही सारेच असते. जिवाणूंना याहून सोयीची जागा ती कोणती?

म्हणून ओली चटणी करावी ती एका जेवणापुरतीच. पानावर आणल्यापासून दोन-तीन तासांत ती संपवावी. उरलीच तर झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. फसफसलेली, तार सुटलेली किंवा उग्र वासाची चटणी टाकून द्यावी. पुन्हा फोडणी देऊन ती वाढू नये. लोहगड, विसापूर किंवा राजमाचीला जाणाऱ्यांनी ओली चटणी डब्यात नेऊ नये. कोरडी चटणी किंवा मीठ-मिरची घातलेले कूट न्यावे आणि दही किंवा लिंबू तेथेच कालवावे.

कोणी जपावे

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला त्याचा अल्प अंशही धोकादायक ठरू शकतो. ओठ-चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. वाटलेल्या चटणीत दाणा दिसत नाही, पांढरी चटणी नारळाचीच आहे असे समजून ती खाल्ली जाते. त्यामुळे पाहुण्यांना वाढताना चटणी दाण्याची आहे हे आवर्जून सांगावे. खानावळी आणि हॉटेलांनी तर ते लिहूनच ठेवावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ५७० कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. वरील प्रमाणातील चटणी चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दाण्यांतून दीडशेच्या आत कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने येतात. साबुदाण्यासारख्या केवळ पिष्टमय फराळाला ही जोड मोलाची आहे. उपवासाच्या दिवशी पोटाला आधार मिळतो तो वड्यापेक्षा चटणीचा. मात्र त्यासाठी दाणा कोरडा, निवडलेला आणि चटणी त्याच दिवशीची हवी.