ओकोसिंगोची सीमारेषा

मेक्सिकोच्या दक्षिणेस, ग्वातेमालाला लागून चियापास राज्य आहे. संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठीचा तिथला तिसरा मतदारसंघ ओळखला जातो तो ओकोसिंगो या गावाच्या नावाने. भोवतालच्या डोंगरांत प्रामुख्याने त्सेल्ताल ही माया कुळातली भाषा बोलणारे लोक राहतात. १ जानेवारी १९९४ रोजी झापातिस्ता बंडखोरांनी जी गावे ताब्यात घेतली, त्यांत ओकोसिंगोही होते.

त्या बंडाचा एक धागा मतदारसंघांच्या नकाशापर्यंत जातो. फेब्रुवारी १९९६ मध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यात झालेल्या सान आंद्रेस करारात आदिवासींच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न पुढे आला. सीमा आखताना त्यांच्या वस्तीचा शक्य तिथे विचार व्हावा, असे २००१ च्या घटनादुरुस्तीने सांगितले. २००५ च्या फेररचनेत ३०० पैकी २८ मतदारसंघांत आदिवासींचे प्रमाण किमान ४० टक्के राहील अशी आखणी झाली. ओकोसिंगो त्यांपैकीच एक.

आपल्याकडच्या राखीव मतदारसंघांशी मात्र याची गल्लत करू नये. बदलली होती ती फक्त सीमा; उमेदवार आदिवासीच हवा, अशी अट नव्हती. पक्ष कोणालाही तिकीट देऊ शकत होते. अखेर २०१८ च्या निवडणुकीसाठी निवडणूक न्यायाधिकरणाने २८ पैकी १३ मतदारसंघांत पक्षांना आदिवासी उमेदवारच देणे बंधनकारक केले. त्या तेरांत ओकोसिंगो होता.

सीमेपासून या अटीपर्यंत तेरा वर्षे गेली. तोवर नकाशाने आदिवासींची मते एकत्र आणली होती. त्यांच्या वतीने बोलणार कोण, हे मात्र तिकीट वाटणारेच ठरवत होते.