जिवाणूंतील प्रथिनवहन आणि अत्यावश्यक जनुके

जिवाणूच्या पेशीत तयार होणारे प्रत्येक प्रथिन तेथेच वापरले जाते असे नाही. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत सुमारे एक तृतीयांश प्रथिनांना पेशीपटलात किंवा त्यापलीकडे जावे लागते. पोषकद्रव्ये आत घेणे, पेशीभित्तिका बांधणे अशी कामे तीच करतात. हे वहन थांबले, की पेशी जगू शकत नाही.

बाहेर जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या आरंभी अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा पत्त्यासारखा जोडलेला असतो. प्रथिनांवर असे अंगभूत पत्ते असतात, या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूत सेक-वाय आणि सेक-ई ही प्रथिने पटलात मार्ग तयार करतात, तर सेक-ए हे प्रथिन एटीपीची ऊर्जा वापरून उलगडलेले प्रथिन त्यातून पुढे ढकलते. पलीकडे पोहोचल्यावर लेप-बी हे एन्झाइम पत्त्याचा तुकडा कापून टाकते.

ज्या जनुकाविना पेशीच मरते, ते शोधायचे कसे? हार्वर्ड विद्यापीठातील जोनाथन बेकविथ यांच्या गटाने त्यासाठी युक्ती योजली. लॅक्टोजचे विघटन करणारे एन्झाइम त्यांनी बाहेर जाणाऱ्या प्रथिनाला जोडले. हे जोडप्रथिन पटलात अडकून निष्क्रिय होई आणि जिवाणूला लॅक्टोज वापरता येत नसे. वहनात अंशतः बिघाड असलेल्या पेशीत मात्र ते आतच राहून काम करी. त्यामुळे लॅक्टोजवर वाढणारे जिवाणू निवडले, की बिघाड झालेली जनुके हाती लागत. १९८१ साली सेक-ए जनुक असेच सापडले. त्यातील उत्परिवर्तनामुळे जिवाणू ३० अंश सेल्सियसला वाढे, ४२ अंशांना मात्र वाढू शकत नसे.

२००६ साली जपानमधील केओ विद्यापीठाच्या संशोधकांनी ई. कोलायमधील ४२८८ जनुके एकेक करून वगळण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी ३९८५ वगळता आली, ३०३ वगळता आली नाहीत. सेक-ए, सेक-वाय, सेक-ई आणि लेप-बी यांची जनुके अत्यावश्यक आहेत. सेक-बी आणि सेक-जी यांच्याविना मात्र पेशी तग धरू शकते.

हा भेद औषधनिर्मितीसाठी मोलाचा आहे, कारण अत्यावश्यक प्रथिन रोखले, तरच जिवाणू मरतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आरायलोमायसिन या नैसर्गिक संयुगात फेरफार करून बनविलेल्या रेणूने लेप-बीलाच रोखले आणि अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणूही प्रयोगशाळेत नष्ट केले.