चपट्या तोंडाची मालमोटार

मोटारींच्या इतिहासाची पुस्तके चाळली, तर त्यांत शर्यतीच्या गाड्या भेटतात, राजेरजवाड्यांच्या गाड्या भेटतात, सामान्य माणसाच्या दारी आलेल्या स्वस्त गाड्याही भेटतात. परंतु शर्यतीची ती गाडी मैदानापर्यंत कोणाच्या पाठीवर बसून गेली, हे त्या पुस्तकांत क्वचितच आढळते. ओझे वाहणाऱ्याची नोंद ठेवण्याची सवय आपल्याला एकंदरीने कमीच. आजचा आमचा विषय असा एक ओझेवाला आहे. अमेरिकेच्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशी झालेली चपट्या तोंडाची जुनी मालमोटार तेथील हौशी कारागीर शेताच्या बांधावरून उचलून आणतात, कापतात, जोडतात आणि तिच्यापासून जुन्या मोटारी वाहून नेणारी नवी गाडी उभी करतात. यावर तेथे दोन तट आहेत. एक म्हणतो, हा इतिहासाचा विध्वंस आहे. दुसरा म्हणतो, हाच इतिहासाचा उद्धार आहे. आम्हांला या वादात रस आहे, कारण जुन्या वस्तूंचे काय करावे हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही.

प्रथम हे चपटे तोंड आले कोठून, ते पाहू. नेहमीच्या ट्रकला पुढे नाक असते. त्या नाकात इंजिन आणि त्याच्या मागे चालकाची केबिन. चपट्या तोंडाच्या गाडीत केबिन इंजिनाच्या डोक्यावरच बसविलेली असते. मोटारयुगाच्या आरंभी चालकाच्या बैठकीखाली इंजिन असलेल्या मालगाड्या होत्याच. ऑटोकार कंपनीच्या छोट्या मालमोटारी त्यासाठी प्रसिद्ध होत्या. पुढे नाकवाली रचना रूढ झाली आणि ही पद्धत मागे पडली. तिला पुन्हा बोलावून आणले ते कोणा कल्पक अभियंत्याच्या लहरीने नव्हे, तर कायद्याने.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांनी ट्रकच्या एकूण लांबीवर मर्यादा घातल्या होत्या. या मर्यादा एकसारख्या नव्हत्या. १९३५ च्या मोटार वाहक कायद्याने आंतरराज्य मालवाहतूक केंद्राच्या व्यापार आयोगाच्या देखरेखीखाली आली. तरी लांबी ठरविण्याचा अधिकार राज्यांकडेच राहिला. चार राज्ये ओलांडणाऱ्या ट्रकला त्या चारांपैकी सर्वांत कडक राज्याच्या मापात बसावे लागे. लांबी मोजली जाई ती पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. मग व्यापाऱ्याने हिशेब मांडला : नाकाला भाडे मिळत नाही, भाडे मिळते ते हौद्यातल्या मालाला. तेव्हा नाक कापा आणि तेवढा हौदा वाढवा. फोर्डने १९३८ मध्ये आणि शेव्हरोलेने त्याच सुमारास असे ट्रक कारखान्यातूनच बाजारात आणले. त्यांच्याकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. ही केबिन बव्हंशी नेहमीच्या ट्रकचीच होती. ती उचलून उंचावर बसविली आणि पुढची जाळी नव्याने घडविली, इतकेच. म्हणजे या गाडीचा जन्मच मुळी जोडजमवीतून झाला. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, पुढे आम्हांला त्याचा उपयोग आहे.

व्यापाऱ्याची सोय झाली, चालकाची मात्र झाली नाही. इंजिनाची धग आणि घरघर त्याच्या मांडीशी आली. तो पुढच्या आसाच्या वरच बसत असल्यामुळे रस्त्यातील प्रत्येक खड्डा त्याच्या मणक्यांना कळे. इंजिनाला हात घालावयाचा तर केबिनमधले झाकण काढून अंग चोरून काम करावे लागे. ही शेवटची अडचण व्हाइट कंपनीने १९४९ मध्ये आपल्या ३००० या मालिकेत दूर केली; तिची सबंध केबिनच पुढे कलंडत असे. फोर्डची कलत्या केबिनची ‘सी’ मालिका १९५७ मध्ये निघाली आणि फारसा चेहरा न बदलता १९९० पर्यंत चालली. दरम्यान मनाजोगते हलके ट्रक बाजारात मिळेनात, म्हणून कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज या वाहतूक कंपनीचे प्रमुख लेलंड जेम्स यांनी ते स्वतःच बांधावयास घेतले आणि त्यातून १९४२ मध्ये फ्रेटलायनर कंपनी जन्मली. माल वाहणारानेच आपले वाहन घडवावे, अशी ही परंपरा आहे.

जे कायद्याने आणले ते कायद्यानेच नेले. १९८२ च्या भूपृष्ठ वाहतूक साहाय्य कायद्याने राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्यावर ट्रक आणि त्याच्यामागची गाडी मिळून होणाऱ्या एकूण लांबीवर राज्यांनी मर्यादा घालू नये, असे ठरविले. यापुढे मोजावयाची ती मागच्या गाडीची लांबी. नाकाला आता दंड उरला नाही. चालकांनी आरामशीर नाकवाल्या गाड्या पसंत केल्या, आणि लांब पल्ल्याच्या मार्गांवरून चपट्या गाड्या भराभर ओसरल्या. युरोपात मात्र जोडट्रकची लांबी आजही टोकापासून टोकापर्यंत मोजतात, ती साडेसोळा मीटर; म्हणून तेथे चपटे तोंडच राज्य करते. एकाच यंत्राची दोन खंडांत दोन दैवे झाली, ती कायद्याच्या एकेका कलमामुळे. यंत्राचा इतिहास केवळ यंत्रशाळेत शोधणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता मोटार वाहणाऱ्या मोटारीकडे वळू. शर्यतीच्या जगात या कामासाठी खास गाड्या बांधण्याची प्रथा जुनी आहे. इटलीतील फोर्ली गावच्या बार्तोलेत्ती यांनी १९५६ मध्ये फियाट ६४२ या बसच्या सांगाड्यावर मासेराती संघासाठी अशी गाडी बांधली. मासेरातीने ती सोडल्यावर तिने एकामागून एक धनी पाहिले. १९६० मध्ये तिने लान्स रेव्हेंटलो यांच्या स्कॅरॅब गाड्या युरोपभर नेल्या, १९६४ मध्ये कॅरोल शेल्बी यांच्या कोब्रा गाड्या नेल्या, आणि १९७१ च्या ‘ल माँ’ या चित्रपटातही ती दिसली. स्कॉटलंडच्या एकुरी एकॉस या संघाने १९५६ आणि १९५७ साली ल माँची शर्यत जिंकली होती. त्याच्यासाठी फॉल्कर्कच्या अलेक्झांडर यांनी १९६० च्या सुमारास कॉमर ट्रकच्या सांगाड्यावर तीन मोटारी नेणारी गाडी बांधली. तिच्या इंजिनात सिलिंडर तीन, पण समोरासमोर धावणारे दट्टे सहा! २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात या हमालाला सुमारे १८ लक्ष पौंड किंमत आली. अनेक अस्सल शर्यतगाड्यांनाही एवढे मोल येत नाही.

परंतु या साऱ्यांत बोधप्रद कथा आहे ती जर्मनीची. डाइम्लर-बेंझच्या शर्यत विभागाने १९५५ मध्ये एक निळी गाडी तयार केली. लोक तिला ‘निळे नवल’ म्हणत. सांगाडा ३०० एस या गाडीचा लांबविलेला, इंजिन ३०० एसएल या क्रीडागाडीचे, दारे वगैरे सुटे भाग साध्या १८० या गाडीचे. आणि चालकाची केबिन पुढच्या आसाच्याही पुढे काढलेली. पाठीवर शर्यतीची गाडी घेऊन ती ताशी १६० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावू शके. पण त्याच वर्षी, ११ जून १९५५ रोजी, ल माँ येथे भीषण अपघात होऊन ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हंगाम संपल्यावर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. निळ्या गाडीला काम उरले नाही. काही काळ ती प्रदर्शनांत आणि चाचण्यांत वापरली गेली आणि १९६७ मध्ये ती भंगारात मोडण्यात आली. पुढे कंपनीला तिची आठवण झाली. १९९३ मध्ये तिची प्रतिकृती करण्याचे काम सुरू झाले ते मुख्यतः जुन्या छायाचित्रांवरून, आणि ते पुरे व्हावयास २००१ साल उजाडले. जी वस्तू घरात उभी होती ती मोडावयास फारसा वेळ लागला नसेल. ती पुन्हा उभारावयास आठ वर्षे लागली.

अमेरिकेतील आजचे हौशी कारागीर याच कुळातले, फक्त त्यांच्यामागे कारखाना नाही. त्यांच्या हाती येते ती बहुधा १९४० च्या आसपासची गंजलेली केबिन. तिचे मूळ इंजिन पुन्हा चालू करता येते, पण त्याने काम भागत नाही. १९३८ च्या फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन ८५ अश्वशक्तीचे. ते सावकाश ओझे ओढण्यासाठी होते. आजच्या महामार्गावर दीडदोन टनांची मोटार पाठीवर घेऊन ते चढाला लागले की मागे रांग लागते. म्हणून बहुतेक कारागीर आधुनिक ट्रकचा सांगाडा, इंजिन, गिअर आणि ब्रेक घेतात आणि त्यावर जुनी केबिन चढवितात.

सांगावयास हे एका वाक्यात संपते. करावयास वर्षे लागतात. पहिली अडचण चाकाची. जुन्या केबिनच्या बाजूला चाकाची कमान असते. नव्या आसाचा मध्य त्या कमानीच्या मध्याशी जुळला नाही, तर गाडी पाहताक्षणी बेंगरूळ दिसते. दुसरी अडचण इंजिनाची. आजचे डिझेल इंजिन उंच असते, आणि केबिन तर त्याच्या डोक्यावर बसवावयाची. मग एक तर केबिन वर उचलावी किंवा इंजिन मागे सरकवावे. उचलली तर गाडी उंटासारखी होते. सरकवावे तर मागे जाणारा दांडा, रेडिएटर आणि नळ्या सगळ्यांचीच फेरमांडणी आली. स्टिअरिंगचा दांडा आता जवळजवळ उभा उतरतो, त्याला सांधे घालून वळवीत पेटीपर्यंत न्यावा लागतो. हा सांधा ढिला राहिला तर सुंदर रंगाचा काही उपयोग नाही.

मागे हौदा बांधताना सांगाड्याच्या दोन लांब पोलादी तुळया बहुधा वाढवाव्या लागतात. येथे जाणत्या कारागिराची परीक्षा होते. तुळईच्या वरच्या-खालच्या काठांवर सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून त्यांना भोके पाडू नयेत. जोड सरळ आडवा न घेता तिरपा घ्यावा आणि आतून पोलादी पट्टी देऊन तो मजबूत करावा, हा या धंद्यातला जुना नियम. मोटार चढविल्यावर तिचे वजन दोन्ही आसांमध्ये कोठे पडते याचाही हिशेब हवा. सगळे ओझे मागच्या आसाच्या पलीकडे गेले, तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. ब्रेक तर सर्वांत आधी पाहावयाचे. वेगाने जाणे ही हौस आहे, थांबणे ही जबाबदारी आहे. या कामात चूक झाली तर किंमत केवळ मालकाला नव्हे, समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही मोजावी लागते.

आता वादाकडे येऊ. जुन्या गाड्यांचे कट्टर अभिमानी म्हणतात, ‘मूळ सांगाडा टाकला, मूळ इंजिन टाकले, मग राहिले काय? नुसता मुखवटा!’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या नमुन्याच्या चारदोनच गाड्या उरल्या आहेत, ज्यांचे मूळ भाग शाबूत आहेत, अशी गाडी कापणे म्हणजे ताम्रपटाची घागर करणे होय. निळ्या नवलाची कथा आम्ही सांगितली ती यासाठीच. एकदा मोडलेले छायाचित्रावरून पुन्हा बनविता येते, परंतु ती प्रतिकृती असते. तो पुरावा नसतो.

पण या आक्षेपाला दुसरी बाजू आहे. या गाडीचे मूळ रूप म्हणजे नेमके कोणते? कारखान्यातून ती बहुधा केबिन आणि उघडा सांगाडा एवढीच निघे. कोणी तिच्यावर दुधाची टाकी बसवी, कोणी लाकडे वाही, कोणी अग्निशामक बंब करी; दहा वर्षांनी टाकी काढून तिचा सपाट हौदाही होई. आमच्याकडच्या श्रोत्यांना हे समजावून सांगावयास नको. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, फार्गो आणि डी सोटो या नावांचे ट्रक तयार होत. आपल्या देशात कित्येक दशके ट्रक घेणे म्हणजे तोंडाचा भाग आणि सांगाडा घेणे, आणि मग गावच्या कारागिराकडून त्यावर ‘बॉडी बांधून’ घेणे, असाच रिवाज होता. सुताराने केबिन करावी, लोहाराने हौदा करावा, रंगाऱ्याने पाठीवर मालकाच्या मुलांची नावे लिहावीत. तो ट्रक कारखान्याचा जितका, तितकाच त्या तिघांचाही. त्याचे ‘मूळ’ रूप शोधू गेल्यास हाती येईल तो केवळ उघडा सांगाडा.

म्हणून आमचे मत असे की, मालमोटारीच्या बाबतीत बदल हा भ्रष्टाचार नसून तिचा स्वभाव आहे. बैठकीची गाडी जशीच्या तशी जपणे हा तिचा सन्मान. राबणाऱ्या गाडीला पुन्हा काम देणे हा तिचा सन्मान. मात्र दोन अटी आम्ही घालू. दुर्मिळ आणि शाबूत गाडीला करवत लावू नये. बांधावर कुजणाऱ्या, सांगाडा गेलेल्या केबिनीच या कामी घ्याव्यात. आणि जे कापले, जे बदलले, त्याची मापे, रेखाटने आणि छायाचित्रे कारागिराने जपून ठेवावीत. निळी गाडी मोडताना कोणी एवढे केले असते, तर पुढची कित्येक वर्षांची मेहनत हलकी झाली असती.

कायद्याने जिचे नाक कापले, कायद्यानेच जिला निरुपयोगी ठरविले, ती गाडी आज पाठीवर आपल्याच वयाची एखादी नटलेली मोटार घेऊन प्रदर्शनाला जाते. लोक जमतात ते वरची मोटार पाहण्यासाठी, आणि पुष्कळदा खालच्या ट्रकपाशीच थबकतात. ओझेवाल्याकडे नजर वळावयास इतकी वर्षे लागली, तरी ती वळली ही गोष्ट आम्हांला मोठी वाटते. आपल्या गावाकडच्या रस्त्यालगतही एखादा जुना फार्गो बाभळीखाली उभा असेल. त्याचे काय करावयाचे ते पुढे ठरवा. पण भंगारवाला येण्यापूर्वी त्याची मापे घ्या, छायाचित्र काढा, आणि त्याची बॉडी कोणी बांधली हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा.