दोन वयांची एक सुट्टी

पंधरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा असलेल्या घरात मे महिन्याच्या सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘कुठे जायचे’ हाच असतो. थोरलीला एक हवे असते, धाकट्याला दुसरे, आणि आईवडील दोघांनाही चालेल असे ठिकाण शोधत बसतात. प्रश्नाची ही मांडणीच चुकीची आहे, असे माझे मत आहे. या दोन वयांमधला झगडा आवडीनिवडीचा फार थोडा असतो. तो मुख्यतः घड्याळाचा असतो, आणि त्याखालोखाल निर्णय कोणी घ्यायचा याचा. ठिकाण उत्तम निवडले आणि या दोन गोष्टी सुटल्या नाहीत, तर तिसऱ्या दिवशी घरात जो तंटा झाला असता तोच समुद्रकाठी होतो.

मधला मार्ग काढण्याची जी सवय असते, तीही येथे उपयोगी पडत नाही. सात आणि पंधरा यांची सरासरी अकरा येते. पण त्या कुटुंबात अकरा वर्षांचे कोणीच नसते. सरासरीने आखलेला कार्यक्रम थोरलीला बालिश वाटतो आणि धाकट्याला झेपत नाही. म्हणून कार्यक्रमाची सरासरी न काढता वेळेची वाटणी करावी लागते. ती कशी करायची हे नेमके दिसावे म्हणून एकच उदाहरण समोर ठेवू: मुंबईहून मालवणला चार मुक्काम.

झोपेचे गणित

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने 2016 मध्ये वयानुसार झोपेची प्रमाणे प्रसिद्ध केली. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दुपारच्या डुलकीसह 10 ते 13 तास, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या दोन भावंडांच्या गरजेत तासा-दोन तासांचाच फरक आहे. अडचण किती झोपायचे याची नाही, केव्हा झोपायचे याची आहे.

मेरी कार्स्काडन या संशोधिकेने 1976 पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांसाठी उन्हाळी निद्राशिबिर चालवले. तीच मुले दरवर्षी तिथे येत आणि त्यांची झोप मोजली जाई. वय वाढते तशी झोपेची गरज कमी होत जाईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुले मोठी झाली तरी संधी मिळाल्यावर सव्वानऊ तासांच्या आसपासच झोपत राहिली. उलट पौगंडावस्थेत तेवढे झोपूनही दिवसा त्यांना अधिक पेंग येऊ लागली. पुढे तिच्याच आणि इतरांच्या कामातून हेही स्पष्ट झाले की या वयात मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री दहाला झोप येत नाही आणि सकाळी सातला डोळे उघडत नाहीत, याचे मोठे कारण तिच्या शरीरात आहे. आपण त्याला आळस म्हणतो आणि सुट्टीच्या पहिल्याच सकाळी तिच्यावर ओरडतो. हा अन्याय आहे.

आता नेहमीचा सहलीचा कार्यक्रम आठवा: सहाला चहा, सातला नाश्ता, आठला गाडी, रात्री नऊला जेवण, दहाला परत. सकाळचे टोक थोरलीच्या मुळावर येते आणि रात्रीचे धाकट्याच्या. दोघेही अर्धवट झोपलेले असतात, आणि ती चिडचिड आपण ‘मुलांना काही आवडतच नाही’ या खात्यावर टाकतो.

यावरचा उपाय मुक्कामापासून सुरू होतो. चार रात्री एकाच ठिकाणी राहावे. मुक्काम हलवला की सामान बांधणे, खोली सोडणे, नवी मिळेपर्यंत थांबणे यात अर्धा दिवस जातो, आणि तो नेमका सकाळचा असतो. दुसरे म्हणजे एकाच खोलीत चौघांनी झोपू नये. तारकर्ली, देवबाग, वायरी या भागांत घरगुती निवास-न्याहारीच्या सोयी पुष्कळ आहेत. तिथे दोन लहान खोल्या, किंवा एक खोली आणि झोपता येईल अशी पडवी, ही एका मोठ्या वातानुकूलित खोलीपेक्षा जास्त उपयोगाची. दिवा मालवल्यावर एकाने झोपावे आणि दुसरीने बाहेर बसून वाचावे, एवढी फट घरात हवी.

मग दिवसाची वाटणी सोपी होते. सकाळी सहा ते नऊ हा वेळ धाकट्याचा आणि एका पालकाचा. थोरलीला साडेनऊपर्यंत कोणी हाक मारू नये. अकरा ते चार मेच्या उन्हात कोणीच बाहेर पडू नये. जेवण, झोप, पत्ते, पुस्तक. चारनंतरचा वेळ सर्वांचा. रात्री साडेआठला धाकटा झोपला की पुढचा वेळ थोरलीचा आणि दुसऱ्या पालकाचा: किनाऱ्यावर चालणे, बाजारात आइस्क्रीम, उशिरापर्यंत गप्पा. या वयाची मुले मनातले बोलतात ते बहुधा अशाच वेळी, समोरासमोर बसून नव्हे तर शेजारून चालताना.

या वाटणीत मोठ्या माणसांच्या हातांची मोजणी आधी करावी. दोन मोठी माणसे असतील तर ती आळीपाळीने जमते. आजी-आजोबा सोबत असतील तर उत्तमच. मात्र हात कमी पडतात म्हणून थोरलीला धाकट्याची राखण करायला बसवू नये. ती मदत करील, करू द्यावी. पण तिची सुट्टी त्या कामावर बेतलेली नसावी.

भरती-ओहोटी

समुद्रकाठच्या सुट्टीत आणखी एक घड्याळ चालते आणि बहुतेक कुटुंबे ते न पाहताच तारखा ठरवतात. कोकणात भरतीचा जुना ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि सुमारे सहा तासांनी, नवाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. रोज भरती साधारण पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, तो तिथल्या घरमालकाला किंवा होडीवाल्याला विचारावा.

हा हिशेब आपल्या वाटणीवर बसवून पाहा. द्वितीया ते पंचमी या दिवसांत सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान पाणी सर्वांत मागे गेलेले असते. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे हे दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी दूरवर ओसरते. ओली घट्ट वाळू, शिंपले, खेकड्यांची बिळे, खडकांत साचलेली डबकी, हे सगळे धाकट्याच्या वेळेत आयते मिळते. अष्टमी-नवमीनंतर गेलात तर सकाळी पाणी चढलेले असते आणि सात वर्षांच्या मुलाला खेळायला सपाट वाळू फारशी उरत नाही.

पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. ज्या दिवशी सकाळी नऊला ओहोटी पूर्ण होते, त्या दिवशी दुपारी तीननंतर रात्रीपर्यंत पाणी पुन्हा ओसरत असते, आणि ओसरते पाणी माणसाला आत ओढते. चारनंतरचा जो वेळ आपण सर्वांचा ठरवला, त्यात त्या दिवसांत कोणीही, विशेषतः पोहता येते असा आत्मविश्वास असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने, खुल्या समुद्रात खोल जाऊ नये. तो वेळ कर्ली नदीच्या खाडीत होडीने फिरण्यासाठी, देवबागचा संगम पाहण्यासाठी किंवा नुसते वाळूवर बसण्यासाठी ठेवावा. या बाबतीत मुलांशी वाटाघाट करू नये.

निर्णय कोणाचा

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धान्तानुसार माणसाचे मन एखाद्या गोष्टीत आतून रमण्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात: आपण ठरवतो आहोत ही जाणीव, आपल्याला हे जमते ही जाणीव आणि आपल्या माणसांशी नाते. या तिन्ही गरजा सर्व वयांत असतात. मात्र सात वर्षांच्या मुलाच्या बहुतेक गरजा आईवडिलांजवळ असल्यानेच भागतात. पंधराव्या वर्षी पहिली गरज सर्वांत वर येते आणि तिसरी मित्रमैत्रिणींकडे वळते. म्हणून ‘तुम्ही जा, मी येत नाही’ हे वाक्य ऐकले की ठिकाण बदलायला धावू नये. बहुतेक वेळा तक्रार मालवणबद्दल नसते. सगळे आधीच ठरवून झाल्यावर आपल्याला कळवले, याबद्दल असते.

तिला खोटा अधिकार देऊ नये. ‘तुला काय वाटते’ असे विचारायचे आणि मग आपलेच करायचे, हे या वयाला लगेच कळते. त्याऐवजी एक पूर्ण दिवस आणि ठरावीक रक्कम, समजा पाच हजार रुपये, तिच्या हाती द्यावेत. कुठे जायचे, कशाने जायचे, काय खायचे हे तिने शोधावे, फोन तिने करावेत, घासाघीस तिने करावी. बेत फसला तरी मध्ये पडू नये. आपल्याला जमते ही जाणीव अशाच दिवशी येते.

धाकट्याला मात्र मोकळा प्रश्न विचारणे निरुपयोगी असते. पाच दिवसांनंतरचा समुद्र त्याला मनात उभा करता येत नाही. तो शेवटी पाहिलेल्या जाहिरातीतले काहीतरी सांगतो आणि ते मिळाले नाही की रुसतो. त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवावेत, शक्यतो चित्रासह, आणि तो निवडेल ते त्याच दिवशी करावे.

नात्याच्या गरजेवर एक उपाय आहे आणि तो मला सगळ्यांत प्रभावी वाटतो: थोरलीच्या वयाची एखादी मावसबहीण किंवा आतेभाऊ सोबत न्यावा. एक तिकीट आणि एक गादी एवढाच खर्च वाढतो. मामाच्या घरी सगळी भावंडे जमायची त्या सुट्ट्यांत किशोरवयीन मुलांचा प्रश्न फारसा जाणवत नसे, कारण प्रत्येकाला आपल्या वयाचे कोणीतरी तिथे सापडायचे. आजच्या चौकोनी कुटुंबाने ती सोय मुद्दाम उभी करायला हवी. मोबाइलवरून होणाऱ्या भांडणांचाही मोठा भाग याने मिटतो. उरलेल्यासाठी जेवताना कोणाच्याच हाती फोन नसावा, आईवडिलांच्याही नसावा, एवढा एकच नियम पुरे.

एकत्र काय पाहावे

रोज एकच गोष्ट सर्वांनी मिळून करावी, आणि ती अशी निवडावी की तिच्यात दोन पातळ्यांवर पाहण्यासारखे असेल. सिंधुदुर्ग किल्ला या कसोटीला पूर्ण उतरतो. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसणे हाच धाकट्याचा अर्धा आनंद. आत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे, चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, हे त्याला पुरते. थोरलीसाठी प्रश्न वेगळे: जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज यांच्यामध्ये 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटच का निवडले असेल, बाहेरून येणाऱ्याला महाद्वार चटकन का दिसत नाही, आणि जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत हा का आहे. तिने आधी वाचून यावे आणि किल्ल्यात कुटुंबाला तिनेच फिरवावे.

कुडाळजवळचे पिंगुळीही तसेच. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या धाकट्याला खिळवतात. चित्रकथीची जुनी चित्रे आणि ती जपणाऱ्यांची धडपड थोरलीला कळते. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

स्कूबा मात्र वेगळे करण्याची गोष्ट आहे. पॅडी या जागतिक प्रशिक्षण संस्थेच्या नियमाप्रमाणे समुद्रातल्या पहिल्या अनुभवासाठीही किमान वय 10 आहे. थोरली पाण्याखाली असताना धाकट्याला होडीत ताटकळत ठेवू नये. त्या सकाळी त्याचा आणि एका मोठ्या माणसाचा स्वतंत्र बेत असावा.

क्रमाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. डॅनियल काह्नमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांनी एकदा 60 सेकंद थंड पाण्यात हात धरला. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ धरून वर 30 सेकंद किंचित कमी थंड पाण्यात. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला दुसरा निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. आठवण एकूण वेळेवर बनत नाही; उत्कट क्षण आणि शेवट यांवर बनते. म्हणून किल्ला चौथ्या दिवशी ठेवावा आणि शेवटचा दिवस काजू, कोकम, खाजे यांच्या खरेदीच्या धावपळीत घालवू नये. ती आदल्या संध्याकाळी उरकावी.

जाण्यायेण्याचे थोडक्यात. गाडी लागण्याचा त्रास 2 ते 12 या वयात सर्वाधिक असतो, त्यामुळे घाटातून मोटारीने नेण्यापेक्षा कुडाळपर्यंत रेल्वे बरी. रात्रीची कोकणकन्या धाकट्याला झोपेत पोहोचवते. पाच वर्षांवरील मुलाला अर्ध्या तिकिटात स्वतंत्र शायिका मिळत नाही, हे लक्षात ठेवून पूर्ण तिकीट काढावे. मेच्या अखेरच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर होडी-वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. तेव्हा बेत मेच्या पहिल्या तीन आठवड्यांतलाच हवा.

नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. 10 मेच्या गाडीचे आरक्षण 11 मार्चला सुरू होते आणि सुट्टीतल्या कोकणच्या गाड्या लवकर भरतात. मार्च हा परीक्षांचा महिना. त्या गडबडीत आईवडील दोघेच सगळे ठरवून मोकळे होतात. तेव्हा फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी पंचांग, वेळापत्रक आणि खर्चाची वही घेऊन दोन्ही मुलांसह बसा, आणि थोरलीचा दिवस त्याच बैठकीत तिच्या नावावर लिहून टाका.