मत नसलेलं राज्य

अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिना राज्यात १८६० साली राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाही सामान्य माणसानं मतदान केलं नाही. बहिष्कार वगैरे नव्हता. तशी पद्धतच नव्हती! १८३२ पासून बाकी सगळीकडे लोक स्वतः मत द्यायचे. इथे मात्र राष्ट्राध्यक्ष निवडणारे निर्वाचक विधिमंडळच नेमायचं. गोऱ्या पुरुषांनी एकदा विधिमंडळ निवडलं की त्यांचं काम संपलं. आणि सात लाख वस्तीतल्या चार लाख गुलामांना विचारतंय कोण?

त्या वर्षी विधिमंडळानं राज्याची आठही मतं ब्रेकिनरिजला दिली. जिंकला लिंकन. २० डिसेंबरला चार्ल्स्टनच्या अधिवेशनात राज्य अमेरिकेतून फुटून निघालं, १६९ विरुद्ध शून्य मतांनी. एकमत व्हायला काय लागतं? कोणाला विचारायचं नाही, एवढं आधी ठरलेलं असलं की झालं.

पुढे युद्ध झालं, गुलामी गेली. नोव्हेंबर १८६८ मध्ये या राज्यात प्रथमच जनतेनं राष्ट्राध्यक्षासाठी मतदान केलं. गंमत बघा, कालचा मालक आणि कालचा गुलाम, दोघांचंही या पदासाठीचं हे पहिलंच मत! मतदारयादीत कृष्णवर्णीयांची संख्या जास्त होती. ग्रँट जिंकला.

पण हे मत फुकट मिळालं नव्हतं. त्याच ऑक्टोबरमध्ये बेंजामिन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय सिनेटरला हॉजेस स्टेशनवर भरदिवसा गोळ्या घालण्यात आल्या. शिक्षा कोणालाच झाली नाही.

रॉबर्ट स्मॉल्स नावाचा माणूस मला या सगळ्यात विसरता येत नाही. जन्म गुलामीतला. १८६८ ची राज्यघटना लिहिणाऱ्यांत तो होता, आणि १८९५ ची नवी घटना लिहिली जाताना, तिला विरोध करणाऱ्या मूठभर कृष्णवर्णीय सदस्यांतही. या नव्या घटनेनं मतदाराला अट घातली: घटनेतलं कलम वाचून-लिहून दाखवा, नाहीतर तीनशे डॉलरची मालमत्ता दाखवा. परीक्षा घेणारे अर्थातच गोरे!

कागदावर 'कृष्णवर्णीयांना मत नाही' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणूनच ते पुसायला पुढची सत्तर वर्षं, १९६५ चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत, जावी लागली. हक्क नाकारणारा कायदा निदान ओळखता तरी येतो. हक्क देऊन वर अट घालणारा कायदा ओळखायला जास्त वेळ लागतो.

असो.