हॉपची निवड आणि राणूची गोळी

बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी हॉपची वेल रायपुरात रुजत नाही. उन्हाळ्याची काहिली हे एक कारण. मोठी अडचण मात्र दिवसाच्या लांबीची आहे. हॉपला बहरण्यापूर्वी लांब दिवस लागतात. सव्वाएकवीस उत्तर अक्षांशावरील रायपुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आत आटोपतो. हिमाचलातील लाहौलमध्ये १९७० च्या दशकापासून हे पीक घेतले जाऊ लागले. लेट क्लस्टर, गोल्डन क्लस्टर आणि हायब्रिड-२ हे तिथले वाण.

घरी बिअर करणाऱ्याने वाण पारखून चव घडवावी, ही हौस तशी अलीकडची. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरगुती बिअरवर लादलेला परवाना १९६३ साली उठला. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने ती करमुक्त झाली. त्याआधी सहाच वर्षे ओरेगनमधील संशोधकांनी कॅस्केड हा वाण प्रसृत केला होता. पपनसाची आठवण करून देणाऱ्या त्याच्या वासाने अमेरिकी बिअरची चवच पालटली. ज्ञान, वाण आणि कायदा एकाच दशकात जुळून आले. हॉप आरंभी घालून दीर्घकाळ उकळला की त्यातील ह्युम्युलोनचे रूपांतर होऊन कडवटपणा उतरतो. शेवटी घातला की उडून जाणारी मर्सिन, लिनॅलूल ही सुगंधी द्रव्ये टिकून राहतात. म्हणून वाणाइतकाच तो घालण्याचा क्षणही महत्त्वाचा.

चवीसाठी वनस्पती निवडण्याचे हेच काम छत्तीसगडच्या उत्तरेस, सरगुजा आणि जशपूरच्या आदिवासी घरांत, स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. त्यांचे पेय म्हणजे तांदळाची हंडिया. शिजवून निववलेल्या भातात राणूची गोळी कुसकरून मिसळतात, भात काही दिवस मडक्यात आंबू देतात, मग पाणी घालून गाळतात. राणू म्हणजे तांदळाच्या पिठात रानातील मुळे, साली आणि पाने वाटून वळलेली, वाळवलेली गोळी. तिच्यातील बुरशी पिष्टाची साखर करते, किण्व साखरेचे मद्य करते आणि लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जीवाणू आंबटपणा आणतात. बार्लीला मोड आणून जे साधावे लागते, ते येथे बुरशी करते. कोणते मूळ, किती साल, हे गावागणिक आणि घरागणिक बदलते.

हॉप आणि हंडिया यांचे सख्य जमणे कठीण, ते याच जागी. हॉपमधील कडू आम्ले नेमकी या लॅक्टिक जीवाणूंना रोखतात. युरोपात हॉपला मान मिळाला तो बिअर आंबू न देण्याच्या या गुणामुळेही. जो जीवाणू हॉपवाल्या बिअरचा वैरी, तोच हंडियाचा सोबती. तेव्हा कॅस्केडचा सुगंध हंडियात उतरवण्याचा खटाटोप व्यर्थ ठरण्याचीच शक्यता अधिक. हंडियाचा स्वाद शोधायचा तर तो तांदूळ आणि राणू यांतच.

यांपैकी तांदळाला रायपुरात वाली मिळाला. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात येथील भात संशोधन संस्थेत सुमारे १९,००० देशी वाण गोळा केले, प्रत्येकाची नोंद ठेवली. १९८७ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या जनुकपेढीत आज भाताचे २३,००० हून अधिक नमुने आहेत. राणूच्या वाट्याला असे दफ्तर आले नाही. नागपूरहून मध्य प्रांतांचा कारभार चालत असताना १९१५ चा अबकारी कायदा झाला, आणि सरकारी नजरेला मडके दिसले ते महसुलाच्या हिशेबात. आत कोणते मूळ पडले, हे विचारण्याची गरज त्या कायद्याला नव्हती.

बियाणे पाकिटात राहते. राणू राहते ती हातात आणि रानाच्या ओळखीत. आता आठवडी बाजारांत तयार गोळ्या विकत मिळतात. कष्ट वाचतात, पण त्या गोळीत कोणत्या साली आहेत, हे विकत घेणारीला ठाऊक नसते आणि तिच्या मुलीला शिकवण्यासारखे त्यात काही उरत नाही.