नवी मुंबईहून उडताय? तिकीट काढण्याआधी विमान कोणतं आहे ते बघा



फ्लाइट बुक करताना आपण काय बघतो? भाडं, वेळ आणि फार तर कंपनी. त्याच स्क्रीनवर बारीक राखाडी अक्षरांत 'एटीआर ७२' किंवा 'ए३२०' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

मागच्या वर्षी, आपल्या इथला नवा विमानतळ सुरू व्हायच्या आधी, मी आजीला घेऊन जुन्या मुंबई विमानतळावरून काकांकडे निघालो. आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. अॅपमध्ये व्हीलचेअरसाठी तीन पर्याय आले, मी पहिलाच टिक करून मोकळा झालो. बसमधून उतरलो तर समोर पंख्यांचं छोटं विमान आणि त्याच्या शेपटीकडच्या दारातून खाली सोडलेल्या अरुंद पायऱ्या! एरोब्रिज वगैरे काही नाही. आजी कठडा धरून एकेक पायरी चढली, मी मागे. दाराशी आमची केबिन बॅगही काढून घेतली, कारण वरच्या कप्प्यात ती मावणार नव्हती. त्याच बॅगेत आजीची औषधं आणि माझी पॉवर बँक. मागे रांग खोळंबलेली आणि मी खाली बसून चेन उघडतोय. आजी म्हणाली, "अरे, एसटीलासुद्धा एवढ्याच पायऱ्या असतात, पण तिथे कंडक्टर हात तरी देतो."

चूक माझीच होती. विमान कोणतं आहे हे बुकिंगच्या पानावर आधीपासून लिहिलेलं होतं. आता नवी मुंबईहून नवनवीन मार्ग सुरू होत आहेत, त्यामुळे ही ओळ कशी वाचायची आणि कंपन्या कुठे कोणतं विमान पाठवतात, ते आज बघू.

आधी कोड बघा: एनएमआय की बीओएम?

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. पहिलं आलं ते बंगळुरूहून इंडिगोचं. इंडिगो, अकासा एअर, एअर इंडिया एक्सप्रेस आणि स्टार एअर या चार कंपन्यांनी सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात वेळ फक्त सकाळी ८ ते रात्री ८ अशी होती.

अॅपमध्ये नुसतं 'मुंबई' टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. आपल्या खारघरकरांसाठी हा फरक मोठा आहे. एनएमआय म्हणजे बेलापूरच्या किल्ला जंक्शनवरून आम्र मार्गाला लागलं की जवळजवळ आलंच. बीओएम म्हणजे वाशीचा पूल, मानखुर्द, चेंबूर आणि पुढचं नशीब. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून पेमेंट करण्याआधी ही तीन अक्षरं वाचाच. जाताना एनएमआय आणि येताना बीओएम असंही होऊ शकतं, म्हणून परतीचं तिकीट वेगळं तपासा.

विमानाचं नाव कुठे सापडतं?

कंपनीच्या अॅपमध्ये 'फ्लाइट डिटेल्स' उघडा. गूगल फ्लाइट्समध्येही फ्लाइटवर टॅप केल्यावर विमानाचा प्रकार दिसतो. तिथे नाहीच सापडला तर सीट निवडायचं पान उघडा. एका ओळीत ३-३ सीट असतील तर ते ए३२० किंवा बोइंग ७३७ च्या घराण्यातलं विमान आहे. २-२ असतील तर एटीआर किंवा एम्ब्रेयर.

अजून खात्री हवी असेल तर फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाका. मागच्या ७ दिवसांत त्या नंबरावर कोणतं विमान उडालं ते फुकटात दिसतं. तिथे नावं कोडमध्ये असतात: ए२०एन म्हणजे ए३२० निओ, ए२१एन म्हणजे ए३२१ निओ, बी३८एम म्हणजे ७३७ मॅक्स ८ आणि एटी७६ म्हणजे एटीआर ७२-६००. ई७५ ने सुरू होणारा कोड दिसला तर ते एम्ब्रेयर १७५. इंडिगोच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. फ्लाइट नंबर चार आकडी असून ७ ने सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा ते एटीआर असतं.

एवढी मोठी धावपट्टी असूनही छोटं विमान का?

नव्या विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. तिच्यावर जगातलं कुठलंही मोठं प्रवासी विमान उतरू शकतं. मग ७६ सीटांचं विमान कशाला? कारण विमान दोन टोकांमध्ये उडतं आणि दुसरं टोक छोटं असतं. अमरावतीची धावपट्टी १,८५० मीटर आहे. १६ एप्रिल २०२५ ला तिथे मुंबईहून पहिली प्रवासी सेवा सुरू झाली ती अलायन्स एअरच्या एटीआरने. एटीआर ७२ ला पूर्ण वजनानिशी उडायला साधारण १,३०० मीटर पुरतात. ए३२० ला त्याहून बरीच जास्त जागा लागते.

दुसरा हिशेब प्रवाशांचा. समजा एखाद्या गावाहून रोज सकाळी ६० माणसं मुंबईला यायला तयार आहेत. ७८ सीटांच्या एटीआरमध्ये ७७ टक्के सीट भरल्या, धंदा बरा झाला. तीच ६० माणसं १८६ सीटांच्या ए३२० मध्ये बसवली तर ३२ टक्के. दोन तृतीयांश विमान रिकामं नेऊन कुठलीच कंपनी फार दिवस टिकत नाही. शिवाय छोटं विमान असलं की दिवसातून दोन फेऱ्या परवडतात, म्हणजे सकाळी येऊन काम उरकून संध्याकाळी परत. सीटा किती यापेक्षा गावकऱ्याला हे जास्त उपयोगी.

तिसरी गोष्ट ऐकून मला गंमत वाटली होती. एटीआरमध्ये ७८ सीट, स्टार एअरच्या एम्ब्रेयर १७५ मध्ये ७६. ८० च्या आतच सगळे का थांबतात? आपल्याकडे देशांतर्गत नियमित उड्डाणांत ८० पेक्षा कमी सीटांच्या विमानांना विमानतळावर उतरण्याचं शुल्क माफ असतं. प्रत्येक फेरीमागे ती बचत होते, त्यामुळे कंपन्या या आकड्याच्या आत राहायला बघतात.

पण मग जुन्या मुंबईहून अशी विमानं जास्त का वाढली नाहीत? उत्तर आहे स्लॉट. जुन्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी तासाला ४६ च्या आसपास विमानं, त्याहून जास्त नाही. एक स्लॉट ७८ माणसांच्या विमानाला द्या किंवा २३२ माणसांच्या ए३२१ ला, जागा तेवढीच अडते. कंपनी काय निवडणार हे सांगायला नको. मोठ्या शहरांच्या मार्गांना मोठी विमानं मिळाली आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या छोट्या गावांच्या वाट्याला उरलेल्या आडवेळा आल्या. नव्या विमानतळालाही सध्या धावपट्टी एकच आहे, दुसरी पुढच्या टप्प्यात होणार आहे. तरी इथे जागा मोकळी आहे, आणि माझ्या मते या विमानतळाचा महाराष्ट्राला खरा फायदा इथेच आहे. दिल्ली-बंगळुरूला जायला आधीही शंभर विमानं होती.

छोटं विमान आणलं की मार्ग चालतोच, असंही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने जळगाव-मुंबई सुरू केलं ते १८ सीटांच्या बीचक्राफ्टने. विमान इतकं लहान की एक फेरी रद्द झाली तरी सगळं वेळापत्रक कोलमडायचं. ती सेवा टिकली नाही. सिंधुदुर्गात ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला, २,५०० मीटरची धावपट्टी, मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर. उडान योजनेत मार्गाला साधारण ३ वर्षं अनुदान मिळतं. चिपीची ती मुंबई सेवाही पुढे बंद पडली. म्हणून नवा मार्ग जाहीर झाला की मी विमानाचा प्रकार तर बघतोच, पण आठवड्यातून किती दिवस आणि किती वाजता, हेही बघतो. रोज आणि सोयीच्या वेळी असेल तर लोक वळतात.

आता कंपन्यांचं बघा. अकासाने ७ ऑगस्ट २०२२ ला सुरुवात केल्यापासून फक्त बोइंग ७३७ मॅक्स ठेवली आहेत. एकच प्रकार असला की पायलट, इंजिनीअर, सुटे भाग सगळं अदलाबदल करता येतं. एटीआरचा पायलट उद्या सकाळी ए३२० उडवू शकत नाही, त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि परवाना लागतो. इंडिगोनेही २००६ पासून अकरा वर्षं हेच केलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा एटीआर घेतली. स्टार एअर ही कोल्हापूरच्या संजय घोडावत ग्रुपची कंपनी. तिने बरोबर उलटं केलं. मोठी विमानं घेतलीच नाहीत, आधी ५० सीटांची एम्ब्रेयर १४५ आणि मग १७५. त्यामुळे नवी मुंबईच्या यादीत दिल्ली, बंगळुरूसमोर ए३२० किंवा ७३७ आणि छोट्या शहरासमोर एम्ब्रेयर दिसलं, तर तो योगायोग नाही.

आत बसल्यावर काय फरक पडतो?

एटीआरमध्ये चढायचं दार मागे असतं, कारण पुढच्या भागात सामानाची जागा असते. म्हणजे नेहमीची सवय इथे उलटी करा: लवकर उतरायचं असेल तर मागची सीट घ्या. पुढच्या भागात पंख्यांजवळ आवाज आणि थरथर जास्त, कॉलवर बोलल्यासारखं हळू बोललात तर शेजाऱ्याला ऐकू येणार नाही. नॉइज कॅन्सलिंग इअरबड असतील तर त्यांचा खरा उपयोग इथेच होतो.

वेग साधारण ५०० किलोमीटर ताशी, जेट ८०० च्या वर जातं. पण तासाभराच्या अंतरात हा फरक पंधरा-वीस मिनिटांचाच. उंचीचा फरक मात्र जाणवतो. जेट ३०-३५ हजार फुटांवर ढगांच्या वर असतं, एटीआर बहुतेक वेळा २० हजारांच्या खाली. पावसाळ्यात सह्याद्रीवरून जाताना हेलकावे बसतात. घाबरायचं कारण नाही, पण पोट नाजूक असेल तर आधी भरपेट वडापाव नको. बदल्यात एक मजा आहे: पंख वर असल्यामुळे खिडकीतून खाली सगळं दिसतं. फोटोसाठी हे विमान मला जेटपेक्षा आवडतं, फक्त पंख्याच्या रेषेतली खिडकी टाळा. फिरते पंखे मोबाइलच्या कॅमेऱ्यात वाकडेतिकडे येतात.

एम्ब्रेयर १७५ हे जेटच आहे, वेग आणि उंची मोठ्या विमानांसारखी. पण सीट २-२, म्हणजे मधली सीटच नाही. ए३२० आणि ७३७ मध्ये निवड करायची वेळ आली तर ए३२० आतून थोडं रुंद आहे, ३.७० मीटर विरुद्ध ३.५४. खांद्याने रुंद असाल तर कळेल. अकासाच्या मॅक्समध्ये सीटला यूएसबी पोर्ट असतो, फोन २० टक्क्यांवर असेल तर तेवढंही पुष्कळ.

आणि बॅग. बहुतेक कंपन्या ७ किलोची केबिन बॅग चालू देतात, पण एटीआरचे वरचे कप्पे लहान असल्यामुळे चाकांची बॅग दाराशी काढून खाली टाकली जाऊ शकते. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या सामानाच्या कप्प्यात चालत नाहीत, त्या तुमच्याजवळच हव्यात. म्हणून पॉवर बँक, औषधं, चष्मा, कागदपत्रं आणि लॅपटॉप आधीपासून एका छोट्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग गेली तरी पिशवी हातात राहते.

घरातल्या मोठ्यांसाठी व्हीलचेअर निवडताना

डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. मी आजीसाठी पहिला पर्याय टिक केला होता, म्हणजे कंपनीला कळवलं होतं की आजी पायऱ्या चढेल. एरोब्रिज असलेल्या मोठ्या विमानात ही चूक खपून गेली असती. एटीआरला एरोब्रिज लागत नाही, तिथे दुसरा पर्याय दिला तरच रॅम्प किंवा उचलून नेणाऱ्या गाडीची सोय आधी करून ठेवता येते. हे बुकिंगच्या वेळीच सांगा, आणि आदल्या दिवशी फोन करून नोंद झाली आहे ना ते विचारा.

दुसऱ्या टोकाच्या छोट्या विमानतळावर डिजीयात्रा असेलच असं नाही. सगळ्यांची ओळखपत्रं खिशात ठेवा, चेहरा दाखवून आत जाऊ या भरवशावर राहू नका.

आयत्या वेळी विमान बदललं तर?

हे होतं. बिघाड किंवा उशीर झाला की कंपनी दुसरं विमान लावते आणि तुम्ही पैसे देऊन घेतलेली खिडकी कुठेतरी मधे जाते. आदल्या रात्री सीटचं पान पुन्हा उघडा. ३-३ चं २-२ झालं असेल तर लगेच नवी सीट निवडा, आणि जादा पैसे भरून घेतलेली सीट गेली असेल तर त्या पैशांची मागणी करा. त्यासाठी बुकिंगच्या वेळचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, ज्यात सीट नंबर आणि विमानाचं नाव दोन्ही दिसेल.

पुढच्या महिन्यात आजीला परत काकांकडे न्यायचंय. या वेळी एनएमआयहून, डब्ल्यूसीएचएस टिक करून, औषधांची पिशवी तिच्याच हातात. सीट मागची घेतली आहे. तिला मात्र एकच चौकशी करायची होती: "खिडकीतून खारघरची टेकडी दिसेल का रे?"